जिराच्या आत सीआरएम: ॲप निवडण्यापासून डेटा भरेपर्यंत

सॉफ्टवेअर किंवा इंजिनिअरिंग सेवा देणाऱ्या बऱ्याच छोट्या कंपन्यांत काम जिरामध्ये, म्हणजे ॲटलासियन कंपनीच्या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालतं, ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये असते आणि ग्राहकाला काय कबूल केलंय ते सेल्सवाल्याच्या व्हॉट्सॲपमध्ये. मग कुणीतरी सुचवतं की जिरातच सीआरएम (ग्राहक आणि विक्रीच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) बसवू, सगळं एका जागी येईल. कल्पना चांगली आहे. पण ॲटलासियनच्या मार्केटप्लेसवर, म्हणजे ॲपच्या ऑनलाइन दुकानात, 'सीआरएम' शोधलं की ॲपची रांग लागते आणि स्क्रीनशॉट सगळ्यांचे सारखेच दिसतात. फरक दिसतो तो पैसे भरल्यावर.

हा लेख जिरा क्लाउड (इंटरनेटवरून चालणारं जिरा) वापरणाऱ्या, साधारण १० ते १०० माणसांच्या कंपनीसाठी आहे. 'हेच ॲप घ्या' असं इथे सांगितलेलं नाही. कुठल्याही ॲपला कोणत्या कसोट्या लावायच्या ते सांगितलं आहे. एक खुलासा: जिराने २०२५मध्ये 'इश्यू'चं नाव 'वर्क आयटम' आणि 'प्रोजेक्ट'चं 'स्पेस' केलं. ऑफिसात मात्र सगळे तिकीट (एका कामाची नोंद) आणि प्रोजेक्ट (अशा तिकिटांचा गट) असंच म्हणतात, म्हणून इथेही तेच शब्द वापरले आहेत.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- जिराचा साइट ॲडमिन. ॲप बसवण्याचा अधिकार ॲडमिनकडेच असतो.
- जिरात आज किती जणांना प्रवेश आहे तो आकडा, सोडून गेलेल्यांसकट.
- ग्राहकांची सध्याची यादी: कंपनी, संपर्क व्यक्ती, मेल, फोन, जीएसटी क्रमांक.
- चालू असलेल्या १५-२० चौकशा, त्यांच्या रकमा आणि शेवटचं बोलणं कधी झालं ते.
- चाचणीसाठी तीन वेगळी लॉगिन: एक सेल्सचं, एक डेव्हलपरचं, एक बाहेरच्या कॉन्ट्रॅक्टरचं.
- सेल्समधला एक आणि डिलिव्हरीमधला एक माणूस, दोघे आठवडाभर रोज अर्धा तास देतील असे. एकट्या ॲडमिनने केलेली निवड सहसा फसते, कारण तो ना कोटेशन पाठवतो ना तिकीट बंद करतो.

१. सीआरएम जिरात हवंच का?

एक प्रश्न विचारा: डील मिळाल्यानंतर त्या ग्राहकाचं काम जिरात चालतं का? ऑर्डर येते, प्रोजेक्ट सुरू होतो, बग येतात, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) असते आणि पुढची ऑर्डर त्याच कामातून निघते, अशा धंद्यात जिरातलं सीआरएम शोभतं. सेल्सवाल्याला ग्राहकाच्या अडकलेल्या तिकिटांची माहिती फोन करण्याआधी मिळते, आणि डेव्हलपरला कळतं की हे तिकीट कोणाचं आहे.

उलट तुमची विक्री फोनवर, फिरतीवर आणि व्हॉट्सॲपवर होत असेल आणि रोज ५०-१०० नव्या लीड (संभाव्य ग्राहकांच्या चौकशा) येत असतील, तर जिरात शिरू नका. जिरातल्या बहुतेक सीआरएमचा जोर ग्राहक, संपर्क आणि डील यांवर असतो. कॉल लावणं, व्हॉट्सॲपची शिस्तशीर नोंद, मोबाइलवरून भेटीची हजेरी या गोष्टी त्यांच्याकडे कमकुवत असतात किंवा नसतातच. अशा ठिकाणी झोहो, हबस्पॉट, सेल्सफोर्स यांसारखं स्वतंत्र सीआरएम घ्या आणि ते जिराला कनेक्टरने (दोन सॉफ्टवेअर जोडणाऱ्या ॲपने) जोडा. जोडणी दोन्ही बाजूंनी चालते का, हे मात्र बघा. काही कनेक्टर सीआरएममधून तिकीट बनवतात, पण तिकीट बंद झाल्याची खबर परत पाठवत नाहीत.

तिसरा रस्ता ॲपशिवायचा. ग्राहक पन्नासच्या आत असतील तर जिरातच विक्रीसाठी वेगळा प्रोजेक्ट उघडा आणि प्रत्येक डीलचं एक तिकीट करा. कॉलम असे: नवी चौकशी, बोलणी, कोटेशन दिलं, वाटाघाटी, मिळालं, गेलं. फील्ड मोजकी: रक्कम, ऑर्डर अपेक्षित असलेली तारीख, चौकशी कुठून आली, गेली तर का गेली.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. प्रोजेक्ट बनवताना जिरा 'टीम-मॅनेज्ड' की 'कंपनी-मॅनेज्ड' असं विचारतो. टीम-मॅनेज्ड पटकन उभा राहतो, पण त्यात बनवलेली फील्ड दुसऱ्या प्रोजेक्टला वापरता येत नाहीत. ग्राहकाचं नाव विक्रीतून डिलिव्हरीत न्यायचं असेल तर कंपनी-मॅनेज्डच घ्या. दुसरी चूक 'गेलं' कॉलमची. तिकीट तिथे सरकवलं म्हणजे जिराच्या लेखी ते संपत नाही. वर्कफ्लोमध्ये (तिकिटाच्या टप्प्यांच्या मांडणीत) त्या टप्प्यावर 'रेझोल्यूशन', म्हणजे तिकीट कसं निकाली निघालं ते फील्ड, भरलं जाईल असं लावावं लागतं. तसं केलं नाही तर हरलेल्या डील महिनोन् महिने 'न सुटलेली' म्हणून रिपोर्टात येत राहतात आणि पाइपलाइन (हातातल्या डीलची यादी) फुगलेली दिसते.

हा रस्ता कुठे संपतो? ग्राहकांची नावं ड्रॉपडाउनमध्ये भरता भरता दोनशेच्या वर गेली, त्यात एकच कंपनी तीन स्पेलिंगने बसली, आणि एका ग्राहकाच्या चार संपर्क व्यक्ती कुठे लिहायच्या हे कळेना, की ॲपची वेळ आली.

२. बिल सगळ्या माणसांचं येतं

मार्केटप्लेसवरच्या क्लाउड ॲपचं बिल ॲप वापरणाऱ्यांवर ठरत नाही, जिरात जितक्यांना प्रवेश आहे तितक्यांवर ठरतं. मानू की ॲपचा दर माणशी महिना २ डॉलर आहे. तुमच्या जिरात ६० माणसं, त्यातले सेल्सवाले ६. बिल १२ नाही, १२० डॉलरचं येणार. म्हणजे प्रत्येक सेल्सवाल्यामागे २० डॉलर. त्या भावात स्वतंत्र सीआरएम मिळतं का, हे इथेच ताडून पाहा. 'माणशी फक्त २ डॉलर' हा आकडा पाहून निर्णय झालेला असतो आणि हे गणित कुणी मांडलेलंच नसतं.

दर पाहण्याआधी ॲडमिनकडून निष्क्रिय खाती साफ करून घ्या. नोकरी सोडलेल्यांचा जिराचा प्रवेश काढलेला नसेल तर त्यांचेही पैसे जातात, जिराचे आणि ॲपचे असे दोन्ही.

दहा माणसांची रेघ लक्षात ठेवा. जिराचा फ्री प्लॅन १० जणांपर्यंत आहे, आणि बऱ्याच ॲपचा फुकट किंवा किरकोळ दराचा टप्पाही तिथेच संपतो. अकरावा माणूस आला की जिरा आणि ॲप दोन्हींचं बिल एकदम सुरू होतं. सध्या आठ-नऊ जण असाल तर हिशेब पंधरा जणांचा मांडा.

३. चाचणी वेगळ्या साइटवर करा

पैसे लागणारं ॲप साधारण ३० दिवस फुकट वापरून पाहता येतं. चालू साइटवर थेट बसवू नका. त्याला दोन कारणं आहेत. साइटवर कार्ड नोंदलेलं असेल आणि मुदतीत ट्रायल रद्द केली नाही, तर बिल आपोआप सुरू होतं. आणि ॲप स्वतःची फील्ड, पॅनेल, कधी कधी प्रोजेक्टही तयार करतं, ते काढून टाकल्यावर सगळं साफ होईलच असं नाही.

नवी जिरा साइट उघडा, पण फ्री प्लॅनवर थांबू नका. स्टँडर्ड प्लॅनची ट्रायल घ्या. फ्रीमध्ये प्रोजेक्टच्या परवानग्या बदलता येत नाहीत, त्यामुळे कोणाला काय दिसतं ही महत्त्वाची चाचणी तिथे होऊच शकत नाही.

४. ग्राहक आणि तिकीट यांची गाठ

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. ॲपचा डॅशबोर्ड किती देखणा आहे, डीलचे रंग कोणते, हे गौण. ग्राहकाची नोंद तिकिटाला नक्की कशी जोडली जाते, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

जोडणीचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात ग्राहक तिकिटाच्या बाजूला एका पॅनेलमध्ये दिसतो, पण जिराला त्याची गंधवार्ता नसते. दुसऱ्यात ग्राहक हे जिराचं रीतसर फील्ड असतं. डेमोमध्ये दोन्ही सारखेच वाटतात. पहिल्या प्रकारात मात्र फिल्टर, रिपोर्ट, ऑटोमेशन यांतल्या कशालाच ग्राहक ओळखता येत नाही, आणि मग पुन्हा एक्सेल निघतं.

चाचणीच्या साइटवर पाच ग्राहक आणि तीस तिकिटं भरा आणि हे करून पाहा:

पहिलं, जिराच्या नेहमीच्या शोधात, म्हणजे जेक्यूएलमध्ये, एका ग्राहकाची सगळ्या प्रोजेक्टमधली उघडी तिकिटं मागा. ॲपच्या स्वतःच्या पानावर यादी दिसते, एवढ्यावर समाधान मानू नका. जेक्यूएलमध्ये आली तरच ती फिल्टर म्हणून साठवता येते आणि दर सोमवारी मेलने पाठवता येते.

दुसरं, ग्राहकाचं नाव बदला. कंपन्या नाव बदलतात, 'प्रा. लि.'ची 'एलएलपी' होते. जुन्या तिकिटांवर नवं नाव आलं तर जोडणी खरी. जुनंच राहिलं तर ॲपने नुसता मजकूर चिकटवलाय.

तिसरं, एका संपर्क व्यक्तीला एका कंपनीतून दुसरीत हलवा. पर्चेस मॅनेजर नोकरी बदलतो आणि नव्या ठिकाणाहून चौकशी करतो, हे नेहमीचंच. त्याच्या जुन्या तिकिटांचं काय होतं? ती जुन्या कंपनीकडेच राहायला हवीत.

चौथं, एका तिकिटाला दोन ग्राहक जोडा. प्रॉडक्ट कंपनीत एकच बग तीन ग्राहकांनी कळवलेला असतो. बरीच ॲप इथे अडतात. सेवा देणाऱ्या कंपनीला याची फारशी गरज नसते, तिथे सोडून द्या.

पाचवं, डील 'मिळालं'वर गेली की डिलिव्हरी प्रोजेक्टमध्ये एपिक (मोठ्या कामाचं मुख्य तिकीट) आपोआप तयार व्हावं आणि त्यात ग्राहक, रक्कम सोडून बाकी तपशील आणि कोटेशनची फाइल यावी, असा नियम जिरा ऑटोमेशनमध्ये लिहा. ग्राहकाचं फील्ड ऑटोमेशनला वाचता आणि लिहिता येत नसेल तर हे काम कायम हाताने करावं लागेल. जिरात सीआरएम बसवण्याचं मुख्य कारणच हे असल्यामुळे, इथे नापास झालेलं ॲप बाकी कितीही गुणी असलं तरी बाद करा.

ऑटोमेशनला महिन्याची मर्यादाही असते: फ्री प्लॅनवर १०० वेळा, स्टँडर्डवर १,७०० वेळा. 'तिकीट बदललं की' असा ट्रिगर (नियम सुरू करणारी घटना) लावला तर ही मर्यादा पंधरवड्यात संपते आणि नियम चालायचे थांबतात. 'स्टेटस मिळालं झालं की' असा नेमका ट्रिगर लावा.

तुम्ही जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटही (ग्राहकांच्या तक्रारी आणि विनंत्या घेण्याचं जिराचं भावंड) वापरत असाल तर आणखी एक गुंता आहे. त्यात स्वतःचे 'कस्टमर' आणि 'ऑर्गनायझेशन' असतात. ॲप त्यांच्याशी जुळवून घेतं की समांतर दुसरी यादी ठेवतं, हे विक्रेत्याला लेखी विचारा. दोन याद्या झाल्या की सहा महिन्यांत कुठलीच भरवशाची राहत नाही.

५. कोणाला काय दिसतं

जिरात तिकीट लपवता येतं, प्रोजेक्ट लपवता येतो, पण ज्याला तिकीट दिसतं त्याच्यापासून त्यातलं एखादंच फील्ड लपवण्याची सोय मुळात नाही. डीलच्या तिकिटावर दर आणि मार्जिन लिहिलं आणि डेव्हलपरला तो प्रोजेक्ट दिसत असला, तर आकडे सगळ्यांना कळले म्हणून समजा. त्यामुळे विक्रीचा प्रोजेक्ट कायम वेगळा ठेवा आणि तो पाहण्याचा अधिकार सेल्स आणि मालक एवढ्यांनाच द्या. वरच्या नियमात रक्कम वगळली आहे ती याचसाठी.

ॲपच्या स्वतःच्या पानांना हे कुंपण लागू होतं का, ते वेगळं तपासावं लागतं. डेव्हलपरच्या लॉगिनने 'सगळे ग्राहक' हे पान उघडा. मग कॉन्ट्रॅक्टरच्या लॉगिनने उघडा. काही कंपन्या ग्राहकाच्या माणसालाही जिरात घेतात. त्याला तुमच्या इतर ग्राहकांची अख्खी यादी फोन नंबरसकट दिसली तर काय होईल, वेगळं सांगायला नको. एक्सपोर्टचं बटण कोणाला दिसतं तेही बघा. राजीनामा दिलेला सेल्सवाला शेवटच्या आठवड्यात काय डाउनलोड करू शकतो, हा प्रश्न निवडतानाच विचारायचा असतो.

६. मेल

बरीच ॲप मेलच्या डोमेनवरून ग्राहक ओळखतात. परदेशी ग्राहकांसाठी ते ठीक चालतं. आपल्याकडे चाकण-भोसरीतल्या वर्कशॉपपासून डॉक्टरांच्या क्लिनिकपर्यंत निम्म्या ग्राहकांचे मेल जीमेलवर असतात. मग 'जीमेल डॉट कॉम' नावाची एक कंपनी तयार होते आणि तिच्याखाली सत्तर ग्राहक गोळा होतात. डोमेनवरून जुळवणी बंद करून पूर्ण पत्त्यावरून करता येते का, हे विचारा. येत नसेल तर मेलची जोडणी लावूच नका.

व्हॉट्सॲपसाठी साधा नियम पुरतो: ग्राहकाने तारीख, रक्कम किंवा कामाची व्याप्ती कबूल केली की तेवढा मजकूर डीलच्या कमेंटमध्ये चिकटवायचा. सगळा संवाद ओढून आणायच्या फंदात पडू नका.

७. डेटा कुठे राहतो

मार्केटप्लेसवर ॲपच्या पानावर 'रन्स ऑन ॲटलासियन' अशी खूण आहे का पाहा. ती असेल तर ॲपचा डेटा ॲटलासियनच्याच व्यवस्थेत राहतो. नसेल तर ॲपचा डेटा विक्रेत्याच्या सर्व्हरवरही असू शकतो, आणि तो विक्रेता चार माणसांची कंपनीही असू शकते. ॲप 'फोर्ज'वर आहे की जुन्या 'कनेक्ट'वर (ॲप बनवण्याच्या ॲटलासियनच्या या दोन व्यवस्था), हेही विचारा. ॲटलासियन कनेक्ट मोडीत काढत आहे, त्यामुळे कनेक्टवरच्या ॲपचा विक्रेता स्थलांतर कधी करणार याची तारीख सांगू शकला पाहिजे.

जिराचा डेटा भारतात ठेवण्याचा पर्याय आहे, पण तो निवडला म्हणजे ॲपचा डेटाही भारतात आला असं गृहीत धरू नका. सरकारी किंवा बँकेचं काम करत असाल तर करारात याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३मध्ये झाला. त्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. निवडीच्या वेळी त्याचा व्यवहारी अर्थ एवढाच: एखाद्या व्यक्तीची नोंद मेल आणि फोनसकट पूर्ण पुसता येते का?

८. यादी भरताना

ॲप ठरलं की घाईने अख्खं एक्सेल ओतलं जातं. आधी २० ओळी भरून बघा. फाइलमध्ये पुढच्या गोष्टी दुरुस्त करून घ्या:

- फोनचा कॉलम 'टेक्स्ट' करा. नाहीतर ९१ने सुरू होणारे नंबर एक्सेल ९.१९ई+११ असे करून ठेवतं आणि पुढचे आकडे कायमचे जातात.
- फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' अशीच सेव्ह करा. साध्या सीएसव्हीत मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात.
- रकमेतले स्वल्पविराम काढा. १२,५०,००० ही रक्कम काही ॲप १२ म्हणून वाचतात. रक्कम जीएसटीसह की जीएसटीविना हेही एकदाच ठरवा. जीएसटीविना बरं.
- तारखा वर्ष-महिना-दिवस अशा लिहा. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे ॲप स्वतःच्या मनाने ठरवतं.

दुबार नोंदी शोधायला नाव उपयोगाचं नाही. 'श्री गणेश इंडस्ट्रीज', 'श्रीगणेश इंड.' आणि 'एस. जी. इंडस्ट्रीज' हे एकच असू शकतात. त्यासाठी जीएसटी क्रमांक वापरा. तो १५ अक्षरांचा असतो: पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा अक्षरं पॅनची. एकाच कंपनीचे पुण्याचा आणि मडगावचा असे दोन जीएसटी क्रमांक असले तरी मधला पॅन एकच राहतो. एक्सेलमध्ये तिसऱ्या अक्षरापासून दहा अक्षरं वेगळी काढा, त्या कॉलमवर क्रम लावा, दुबार नोंदी ओळीने समोर येतील. मग कंपनीची नोंद पॅनवर ठेवा आणि शाखा तिच्याखाली.

भरण्याचा क्रम: आधी कंपन्या, मग संपर्क, मग डील, आणि शेवटी जुन्या तिकिटांची जोडणी. जोडणी फक्त उघड्या तिकिटांची करा. पाच वर्षांपूर्वी बंद झालेल्या तिकिटांना ग्राहक जोडण्यात आठवडे जातात आणि ती पुन्हा कोणी उघडत नाही.

९. पैसे भरताना

कंपनीचा जीएसटी क्रमांक ॲटलासियनच्या बिलिंगच्या पानावर पहिल्याच दिवशी टाका. बिलावर कर कसा लागेल आणि रिव्हर्स चार्ज (विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने भरायचा जीएसटी) भरायचा का, ते तुमच्या सीएंना खरेदीआधी विचारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या १५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. जिरा आणि ॲप मिळून बिल त्याच्या वर जात असेल तर नूतनीकरण अडतं, सूचना कुणाच्यातरी न वाचलेल्या मेलमध्ये पडून राहते आणि एका सकाळी ॲप बंद असतं. बिलिंगचा संपर्क म्हणून दोघांचे मेल द्या, त्यातला एक अकाउंट्सचा.

पहिलं वर्ष महिन्याच्या हप्त्याने घ्या. वार्षिक दर थोडा स्वस्त पडतो, पण त्यात माणसांचे टप्पे असतात आणि मध्येच माणसं कमी झाली तर पैसे परत येत नाहीत.

१०. ॲप सोडायची वेळ आली तर

जिराचा बॅकअप घेतला म्हणजे ॲपचा डेटा त्यात आला असं समजू नका. मार्केटप्लेसवरच्या ॲपचा डेटा त्या बॅकअपमध्ये नसतो. म्हणून ट्रायलच्या काळातच एक्सपोर्ट करून बघा आणि त्या फाइलमध्ये तीन गोष्टी शोधा: कंपन्या, संपर्क, आणि कोणता ग्राहक कोणत्या तिकीट क्रमांकाला जोडलाय ते. पहिल्या दोन बहुतेकांकडे मिळतात, तिसरी अनेकदा नसते. ती नसेल तर प्रत्येक तिकिटावर ग्राहकाचं नाव एका साध्या जिरा फील्डमध्येही उतरवून ठेवणारा ऑटोमेशनचा नियम पहिल्या दिवसापासून लावा.

प्रत्यक्ष सोडताना क्रम असा: पूर्ण एक्सपोर्ट, दुसऱ्या ठिकाणी २० नोंदी भरून तपासणी, सेल्सला जुन्या ॲपमध्ये लिहायला बंदी, मग वर्गणी रद्द, आणि अनइन्स्टॉल सगळ्यात शेवटी. वर्गणी रद्द केल्यावर चालू मुदत संपेपर्यंत ॲप वापरता येतं, तोवर राहिलेलं काढून घेता येतं. अनइन्स्टॉल केल्यावर डेटा किती दिवस ठेवतात हे प्रत्येक विक्रेत्याचं वेगळं असतं, तो आकडा खरेदीच्या वेळीच मेलवर मागून ठेवा.